मेननसाहेबांचा टावेल

बियाणं विकणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी आपोआप साठतात, कंपनीच्या टोप्या आणि किस्से. टोप्या वाटल्या की संपतात. किस्से वाटले की वाढतात, आणि आमच्या भोकरदन ऑफिसातले निम्मे एकट्या मेननसाहेबांचे आहेत.

साहेब केरळचे. 'कल्चरल इंटेलिजन्स'चा ऑनलाइन कोर्स केलेला, सर्टिफिकेट टेबलाच्या काचेखाली. सहा महिन्यांत शेतकऱ्यांत जम बसला नाही तर नोकरी जाणार होती. घरी नुकतंच बाळ झालेलं. मला त्यांची फार दया यायची.

पहिल्याच दिवशी धावड्यात गावातले मोठे शेतकरी सर्जेरावदादांनी चहा सांगितला. साहेब म्हणाले, "मी पीत नाही." दादांनी बियाण्याची पिशवी न बघताच परत केली. चहाला इथं नाही म्हणायचं नसतं, हे मी समजावलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी एकाही घराला नाही म्हटलं नाही. सतरा कप! तिसऱ्या दिवशी रजा.

*

मग दहाची मीटिंग. इथं दहा म्हणजे जनावरांचं आटोपून, जेवून, बारा. साहेबांनी बरोबर दहाला रिकाम्या खुर्च्यांना अख्खं प्रेझेंटेशन दिलं. शेवटी "काही शंका?" असंही विचारलं.

*

आमच्याकडे लग्नात माइकवर नाव पुकारून पाहुण्यांना टावेल-टोपी देतात. साहेबांनी मिळालेल्या टावेलाने तिथंच तोंड पुसलं, घडी घातली आणि "थँक्यू" म्हणून परत दिला.

त्याच लग्नात नवरीच्या मामांचं नाव पुकारायचं राहिलं. मामा रुसून मांडवाबाहेर बसले. नवरीच्या बापाने हात जोडून आत आणेपर्यंत पंगत थांबली. साहेब वही काढून सगळं लिहून घेत होते.

*

सहाव्या महिन्यात धावड्यात पीक पाहणी ठेवली. साहेबांना ठेवायचं की काढायचं हे ठरवायला हैदराबादहून मोठे साहेब आले. सर्जेरावदादांनी माइकवरून सगळ्यांना टावेल दिले आणि नेमके मेननसाहेबांना विसरले.

साहेब उठले आणि लांब कडुलिंबाखाली जाऊन पाठ फिरवून बसले.

अख्खं गाव हसत तिकडं धावलं. दादा हात जोडून म्हणाले, "चुकलं साहेब आमचं. घरच्या माणसालाच इसरलो." साहेब हलेनात.

हा चिडलाय आणि लोक इतके खूश का, असं मोठ्या साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "सर, तुम्हीच जाऊन बोलवा. त्याबिगर इथं कुणी जेवायला बसणार न्हाई."

मोठे साहेब ढेकळं तुडवत गेले. हात जोडून म्हणाले, "मेननजी, चलिए."

साहेबांनी मान न वळवता सांगितलं, "आधी टावेल."