तिसरी हाक

माणूस जिवंत आहे ही गोष्ट आमचे घरमालक पुराव्याशिवाय मान्य करत नसत, आणि कालचा पुरावा त्यांना आज चालत नसे. जांबे गावात त्यांच्या एका रांगेत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या आणि त्यांत आम्ही हिंजवडीचे चाकरमाने राहायचो. कुणाची रात्रपाळी, कुणाची पहाटेची कॅब. त्यामुळे दिवेलागणीच्या वेळी निम्मी रांग गाढ झोपलेली असे. आता तिन्हीसांजेला झोपू नये हे आपण सगळेच लहानपणी ऐकतो आणि नोकरी लागली की विसरतो. मालक विसरलेले नव्हते. "दिवं लागताना झोपलेलं माणूस घरात मोजायचं का भायेर, ते कळत न्हाई," असं ते म्हणत, आणि रोज त्या वेळेला कंदील हातात घेऊन एकेका दारापुढे उभे राहत. खोल्यांना वीज होती. तरी कंदीलच.

हाक मारण्याचा त्यांचा कायदा होता. भूत फक्त दोनदा हाक मारतं, तिसरी हाक मारणं त्याला जमत नाही, असं आमच्याकडे सगळीकडेच मानतात. म्हणून पहिल्या दोन हाकांना कुणी ओ द्यायची नाही आणि तिसरीला दिल्याशिवाय सुटका नाही. मधल्या काळात दाराच्या आत आपण जागे, बाहेर ते जागे, आणि दोघंही गप्प. शेजारच्या खोलीतला बिहारचा पोरगा सुरुवातीला घाईघाईने "आया चाचा" म्हणून मोकळा व्हायचा. मालकांनी त्याला दारातच धडा दिला, "पयल्या हाकंला आलास तर मला कसं कळंल तू कुणाच्या हाकंला आलायस ते?" पुढे तो वर्षभर राहिला आणि मराठीतला 'ओ' एवढा एकच शब्द शिकून गेला. माझं त्याहून अवघड. माझी परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंग नेमकी त्याच वेळेला असे. एकदा माईक बंद करायचा राहिला आणि मी सगळ्या टीमच्या कानात जोरात "ओ" दिली. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, घरमालकांना मी जिवंत असल्याचं कळवत होते.

रांगेच्या टोकाची, माझ्या भिंतीला लागून असलेली खोली रिकामी होती. तिला कुलूप होतं. मालक तिच्यापुढेही कंदील घेऊन उभे राहत आणि हाक मारत, "महेश." थांबत. "ए महेश." पुन्हा थांबत. आणि परत फिरत. तिथे तिसरी हाक नव्हती. मी राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी हे पाहिलं आणि सामान परत भरावं का, याचा गंभीरपणे विचार केला. पण तेवढ्यात मालकीणकाकू चहा घेऊन आल्या. काकूंच्या चहात आलं इतकं असे, की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

महेशची गोष्ट काकूंनीच सांगितली. त्या खोलीतला भाडेकरू. गुणी, अबोल, रात्रपाळीचा. हळूहळू त्याचं दार कमी उघडू लागलं. एका संध्याकाळी मालकांनी दोनदा हाक मारली, आतून काही आलं नाही, आणि त्यांना त्याची दया आली. "दमलाय, झोपू द्या त्याला," म्हणून ते मागे फिरले. दुसऱ्या दिवशी दार तोडावं लागलं. काय झालं होतं ते पोलिसांनी लिहून नेलं, घरात त्याचा उच्चार कधी झाला नाही. पण तेव्हापासून रोज एकेका दाराला तीन हाका सुरू झाल्या. मी एकदा धीर करून मालकांना विचारलं, की मग महेशला दोनच का. ते बराच वेळ कंदिलाची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "तिसरी मारली आन् आतनं ओ आली, तर मी काय करू, पोरी?"

एवढं एक सोडलं तर बाकीचा माणूस भलताच गमतीचा. ओ देणाऱ्याला ते ओट्यावर बसवत आणि त्याच्या पुढ्यात सुपात थोडे तांदूळ ओतत. निवडायला. तांदूळ बहुतेक वेळा आदल्या दिवशी निवडलेलेच असत. इंजिनियर लोकांना खडे सापडावेत म्हणून मालक स्वतः त्यात दोन-चार टाकतात, असा मला दाट संशय होता. बोटं हलायला लागली, की उलटतपासणी सुरू. "आज कुणाशी बोललास?" चॅटवर बोललो, हे उत्तर बाद. "तोंडानं बोललास का ते सांग." नसेल बोलला, तर त्याला समोरच्या दुकानात काकूंसाठी काडेपेटी आणायला पाठवत. काकूंच्या फडताळात काडेपेट्यांची उतरंड होती. सकाळी उठल्यावर फोनकडे बघायला मनाई. आधी लांबचं बघायचं. लांबचं म्हणजे पश्चिमेचा डोंगर. पण त्याच्यापुढे मोठी सोसायटी उभी राहिली होती आणि डोंगराचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. मालक रोज ब्रश करणाऱ्या भाडेकरूंची रांग त्या इमारतीकडे तोंड करून उभी करायचे. कुणी तक्रार केली की म्हणत, "मागं हाय डोंगर. दिसत न्हाई म्हंजी न्हाई का?"

ती सोसायटी मालकांच्याच विकलेल्या शेतावर होती, आणि त्यांचं फिरणं अजून बांधावरूनच चाले. बांध कुठे राहिला होता? पण ते पार्किंगमधून तिरके निघत, गाड्यांच्या मधून वाट काढत, जिथे वळण कधीकाळी होतं तिथे वळत, आणि एका खांबापाशी धोतर वर धरून लांब टांग टाकत. तिथे पूर्वी पाण्याचा पाट होता. एकदा मी सोबत गेले आणि सरळ चालत राहिले, तर दंडाला धरून मागे ओढलं. "पाय भिजंल की." वाटेत ते हात वर करून रामराम घालत. समोर कुणी नसे. शेजारच्या शेतांचे जुने मालक, बहुतेक सगळे गेलेले. मी म्हटलं, हे कुणाला? म्हणाले, "वळख ठिवावी. येक दिस आपल्याला बी कुणीतरी रामराम घालाया पायजे." वॉचमन जवळच्याच उरवडे गावचा होता, तो हसून गेट उघडायचा. मी मात्र पुढच्या वेळी त्या खांबापाशी आले तेव्हा गुपचूप लांब टांग टाकली.

मग आमची टीम बंद झाली. असं कंपन्यांत होतं, आणि दुसरी नोकरी मिळते, हे मला माहीत होतं. पण माहीत असून काही उपयोग होईना. घरी कळवलं नाही. मैत्रिणींचे फोन उचलेनाशी झाले. दिवसभर पडदा ओढून पडून राहायचं, उठायचं कशाला, असा प्रश्न पडायचा आणि त्याला उत्तर सापडायचं नाही. मालकांच्या तिसऱ्या हाकेला ओ देऊन डोकं दुखतंय म्हणायचं आणि पुन्हा कडी लावायची, असे काही दिवस गेले. कडीचा आवाज ते ऐकत होते. काडेपेटी आणायला सांगायचं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि दारापुढे जरा जास्त वेळ थांबू लागले होते.

त्या संध्याकाळी ओसुद्धा देऊ नये असं मनात आलं. दाराच्या फटीतून कंदिलाचा उजेड आत आला. "नीलम." मी छताकडे बघत होते. "ए नीलम." मी गप्प. मग बाहेरही सगळं गप्प झालं. नेहमीपेक्षा फार वेळ. त्यांचा श्वास ऐकू येत होता. चपला करकरल्या, उजेड फटीतून सरकायला लागला, आणि मला वाटलं, चला, गेले, सुटले. हे वाटणं इतकं गोड होतं की त्याचीच मला भीती वाटली. मी ओ द्यायला उठून बसले. तेवढ्यात उजेड परत आला आणि दारावर दोन्ही हातांनी थाप पडली. फाटलेल्या आवाजात मालक ओरडले,

"महेश!"

मी ओ दिली. कशी दिली, कुणाच्या नावाला दिली, काही कळलं नाही. सगळ्या अंगातून निघाली एवढं खरं. कडी काढली तेव्हा मालक दारात बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं, पण त्यांची नजर शेजारच्या कुलपाकडे होती. त्या आजही शपथेवर सांगतात, की त्यांना दोन ओ ऐकू आल्या. एक माझी होती.

मला ओट्यावर बसवलं, पुढ्यात सूप ठेवलं. तांदळात भरपूर खडे होते. मी रडत रडत निवडले आणि त्याच ओट्यावरून आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी काकू मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. त्याच आठवड्यात मालकांनी टोकाच्या खोलीचं कुलूप काढलं, भिंतींना रंग दिला आणि ती एका नव्या भाडेकरूला दिली. तिथे महेशला हाक मारणं संपलं. नव्या माणसाला तीन मिळू लागल्या.

मालक गेल्या वर्षी वारले. शांतपणे गेले, सकाळी, डोंगराच्या दिशेला तोंड करून बसल्या जागी. मी आता त्यांच्याच शेतावरच्या सोसायटीत राहते. तिथे पार्किंगमध्ये माणूस आला की आपोआप लागणारे दिवे बसवलेत. रोज दिवेलागणीला ते एकामागून एक लागत जातात, तिरके, गाड्यांच्या मधून, आणि खांबापाशी मध्येच एक दिवा लागायचा राहतो. वॉचमन म्हणतो, "सेन्सर बिघडलाय, म्याडम." दोनदा बदलून झालाय. तो हे सांगताना माझ्याकडे बघत नाही. मी दिव्यांच्या रांगेकडे बघून हात वर करते आणि रामराम घालते.

कधी कधी दमून आडवी होते आणि त्या वेळेला डोळा लागतो. मग दारापाशी ऐकू येतं, "नीलम." जरा वेळाने, "ए नीलम." तिसरी येत नाही. ती आता त्यांना जमणार नाही, हे त्यांनीच मला शिकवलंय, आणि दोन हाकांना ओ द्यायची नाही हेही त्यांनीच. पण मालक दारात ताटकळत उभे आहेत, या विचाराने मला राहवत नाही. मी दुसऱ्या हाकेलाच ओ देते, आणि उठून दिवा लावते.