मसल की मुसळ?

सांजचे सहा वाजून दहा मिनिटं झाले होते. वेळ पक्की ध्यानात हाये, कारण तवाच माझी अक्कल घर सोडून गेली!

झालं असं, की महिनाभरापासून माझा डावा हात एकाएकी ढिला पडे. कपबशी सुटली तं सुटली, पण एक दिवस दहा महिन्यांची माझी परी हातातून निसटता निसटता वाचली! तवापासून डोळ्याले डोळा नाही. हातच गेला तं लेकरू कशानं उचलू?

दवाखान्यात दाखवलं, अन् त्या सांजी तिथून फोन आला. "कल मसल की जाँच है... लेके आना!" मधातलं सगळं परीच्या रडण्यात बुडालं.

मी काय ऐकलं? मूसल!

सासूबाईले विचारलं, "आत्याबाई, जाँचीले मुसळ काहून लागते?"

"अवं, हाताची ताकद पाहाची हाय ना! कुटाले लावतीन."

"मले तं भेव लागते."

"उखळात डोकं घातलं, आता मुसळाले काहून भेतं?"

झालं! मले वाटलं, उखळ तिकडंच असंन.

सकाळी लांजीहून बालाघाटची बस. डाव्या कडेवर परी, उजव्या खांद्यावर मुसळ. कंडक्टर म्हणे, "बाई, आज किसकी शामत आई?"

"डॉक्टर के पास जा रही."

बाजूच्या सीटवरचा माणूस झटकन उठून उभा राह्यला. जागा तं भेटली बापा!

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनं मले वरखाली पाह्यलं. "यह क्या है?"

"मूसल. आपनेच तो मंगाया!"

मॅडमनं कपाळाले हात लावला. "अरे बहन, मसल! मसल! हाथ का मांस! पर्ची लाने को कहा था, दवाखाने की चिट्ठी!"

आता धरणी फाटंन तं बरं! पण जाँच तं कराचीच होती. मुसळ खाली ठेवलं, अन् परीलेबी खाली ठेवा लागलं. मी कधी ठेवत नव्हती. मुंग्याचं भेव, मांजरीचं भेव, थंड फरशीचंबी भेव!

माझ्या हाताले चकत्या चिकटवल्या, वायरी लावल्या, मुठीत एक दांडी दिली. "दबाओ! दबाते रहो!"

पडद्यावरची रेघ चढली अन् घसरत खाली आली. तिच्यासंग माझा जीवबी!

"बच्ची को इसी हाथ पर रखती हो?"

"हौ."

"कितनी देर?"

"दिनभर. रात को बी."

मॅडम हसल्या. हाताले आराम देला, मंग पुन्हा दाबाले लावलं. या टायमाले रेघ चढली ते टिकली! "मसल ठीक है. बस थक गई है. हाथ बदला करो, और बच्ची को नीचे छोड़ो."

मी खाली पाह्यलं. मुसळ फरशीवर गडगडत चाललं होतं, अन् त्याच्या मागं माझी परी रांगून राह्यली होती. जन्मात पहिल्यांदा! मी खालीच ठेवलं नाही, तं बिचारी रांगंन कुठं?

म्हणून बायायहो, तुमच्या शेजारच्या नव्या आयायले एवढं सांगजा: लेकराले खाली सोडत जा. अन् कोणी विचारलं तं हेबी सांगजा, की मसल म्हणजे हातातलं मांस, अन् मुसळ म्हणजे मी!