आवक नाही, तरी फळा लिहा

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि तोवर पाहिलेल्या माणसांत आमच्या इवायाइतका, म्हणजे मुलाच्या सासऱ्याइतका, आकड्यापायी येडा झालेला माणूस दुसरा नाही. नेरपासून मारेगावपर्यंत धुंडा, सापडणार नाही. मी तिसरी नापास, पण हे छातीठोक सांगतो. आर्णीच्या कापूसबाजारात त्यांनी जन्मभर आवक फळ्यावर लिहिली. एकही गाडी आली नाही त्या दिवशी 'निरंक' लिहीत. "नाही आली, हे बी लोकायले समजाले पाह्यजे, इवाई. फळा कोरा ठेवला तं म्हणतीन, लपवून राह्यले." पोरीच्या लग्नात तर त्यांनी मांडवाच्या खांबावर लिहिलं, 'जेवले चारशे, उपाशी सात.' ते सात आमच्याकडचे. मी रुसणार होतो, पण स्वतःची फजिती स्वतः लिहिणाऱ्यावर रुसावं कसं?

नोकरी संपल्यावर फळा घरच्या ओट्यावर आला. अशात बाजारच्या दिवशी त्या ओट्यावर टेकणाऱ्या एका भाजीवाल्या बाईचा पोरगा दहशतवादाच्या कायद्यात धरला गेला. चार वर्षं झाली, खटला उभा राहिला नाही. तिनं एकदा विचारलं, "भाऊ, माह्या पोरासारखे किती हायेत आत?" साऱ्या गावाची गिनती ठेवणाऱ्या माणसानं त्याच दिवशी कागद काढून पहिला अर्ज लिहिला. तेव्हापासून सरकारला अर्जावर अर्ज, आणि दर तीन महिन्यांनी फळ्यावर तीन रकाने: धरले, सुटले, आत. खाली, 'आकडा आला नाही.' बाईला अक्षर येत नाही. इवाई वाचून दाखवत, ती पदर सावरून उठे.

मी म्हणायचो, "वर्षाले एकदा छापते ना सरकार? बस झालं."

"ते बी शिळं! वर्षाले एकदा आवक लिवली असती, तं तुमी गाडी जुपली असती काय?"

"कापूस येगळा, अतिरेकी येगळा. आकडे सांगतले तं ते सावध नाही होनार?"

"नावं कोन मांगते? गिनती मांगतो. धरणाऱ्याले गिनतीचं भेव काहून?"

मी ऐकणाऱ्यातला नाही. तेही नाहीत.

२०२३ सालीच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात उचलेना. तिमाही भरायच्या आदल्या दिवशी मला बोलावलं. "उद्या बाजार हाये, बाई येईन. इवाई, लिवता काय?"

"मले पटत नाही."

"पटू नका. लिवा फक्त."

मी घरी आलो. माझं मत अजूनही तेच आहे, वर्षातून एकदा पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन खडू घेतला. तीन रकाने आखले, वाकडेच आले. बाई टोपली उतरवून बसली होती. 'धरले' खाली काही नाही, 'सुटले' खाली काही नाही. 'आत' खाली मला ठाऊक होता तेवढा एक लिहिला, आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवला.