पाणी उजव्या हाताला

शहापूरच्या एसटी स्टँडवर मी भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. डोळखांबची गाडी लागली होती आणि ओळखीच्या कंडक्टरने खिडकीतूनच हाक मारली. "गुरुजी, तुमचा बारकू गेला ना! कळलं का नाय? आज पाचवा दिवस." मी कसाबसा म्हणालो, "काय झालं?" तो म्हणाला, "काय नाय ओ, झोपेतच गेला. कामावर जायचा टाइम झाला तरी उठंना, म्हणून बघायला गेले, तर..." गाडी सुटली. बारकूदादा गेले हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा वाटलं, सुटलो. आता हा माणूस मला कधीच काही विचारणार नाही. आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच अशी लाज वाटली की भाजीची पिशवी बाकावर तशीच राहिली आणि मी रिकाम्या हाताने घरी आलो. बायकोने विचारलं, भाजी कुठाय? मी म्हणालो, मिळाली नाही. खोटं बोलायला मला असा फारसा वेळ लागत नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पहिली नेमणूक डोळखांबच्या पुढे, धरणापलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली. मी शहापूरच्या पेठेत वाढलेला, नुकतं लग्न झालेलं, आणि रानात फेकल्यासारखी ही जागा. धरणाच्या अलीकडच्या टोकाला खोली घेतली आणि सायकल घेतली, कारण दुसरं काही तिथे जातच नव्हतं. जलाशयाच्या काठाकाठाने पाटबंधारे खात्याने एक मुरमाचा रस्ता काढलेला होता. धरणाच्या भिंतीपाशी दोन्ही टोकांना लोखंडी साखळी. महिन्या-दोन महिन्यांनी खात्याची जीप यायची तेवढीच, बाकी गाडीघोडं नाही. पूर्ण फेरा साधारण पंधरा किलोमीटरचा. या रस्त्याची निगा ठेवायला एक माणूस होता, तो म्हणजे बारकूदादा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, काटकुळे, काळ्या डबलबार सायकलवर मागे घमेलं बांधलेलं आणि दांडीला फावडं. चाकोरी पडली की उतरायचे, कडेचा मुरूम घमेल्यात भरून चाकोरीत टाकायचे, पायाने दाबायचे, पुढे निघायचे. त्यांचं आयुष्यभराचं काम एवढंच होतं, आणि ते असं करायचे की त्या रस्त्यावर माझी सायकल बारा वर्षांत एकदाही घसरली नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अडवलं. मी शाळेतून परत येत होतो, सकाळी गेलो त्याच बाजूने. ते फावडं आडवं धरून उभे. "गुरुजी, असं नाय यायचं. पाणी उजव्या हाताला पायजे." मला वाटलं, खात्याचा काही नियम असेल. तसं नव्हतं. धरण झालं तेव्हा त्यांचं मूळ गाव पाण्याखाली गेलं होतं, आणि गावाबरोबर महादेवाचं जुनं देऊळही. मे महिन्यात पाणी उतरलं की त्या देवळाचे दोन खांब वर दिसतात. "देव आत हाय ना. मंग फेरा सुलटा नको का?" म्हणजे ही रोजची प्रदक्षिणा होती. मी हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी एका काठाने शाळेत जायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या काठाने परत यायचं, असं सुरू झालं. रस्ता तेवढाच लांब, बिघडत काही नव्हतं. पंक्चर झालं तरी मागे फिरायचं नाही, सायकल हातात धरून पुढेच चालायचं, हेही त्यांचंच. एकदा मी तसा सात किलोमीटर चाललो आणि ते माझ्यासोबत चालले, स्वतःची सायकल धड असताना. "बसा की दादा तुम्ही," म्हटलं तर म्हणाले, "सोबत म्हणून."

त्या फेऱ्यात त्यांनी मला काय काय दाखवलं! काठावर एका उंबराखाली सहा वीरगळ ओळीने उभे होते. ढाल-तलवार घेतलेला वीर, वर त्याला न्यायला आलेल्या अप्सरा, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. गाव बुडायच्या आधी गावकऱ्यांनी ते बैलगाडीतून वर आणून ठेवले होते, आणि तेव्हा विशीतले बारकूदादा त्या गाडीमागे चालत आले होते. पुढे एका खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं होतं. त्याच्या काठावरून घाटाकडे जाणारी जुनी वाट, मालाचे बैल जायचे ती, दगडांवर खुरांचे खळगे पडलेले. हवा स्वच्छ असली की तिकडे आजोबा नावाच्या डोंगराचा कडा उभा दिसायचा. मी इतिहास शिकवायचो आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी वहीत लिहून घ्यायचो. ते सांगायचे, मी लिहायचो. मध्येच विचारायचे, "लिवलं का?" माझं अक्षर बघायचे वाकून, जणू मी काही मोठं काम करतोय.

एकदा ते म्हणाले, हजेरीपटावर अंगठा द्यायची लाज वाटते. मला तेवढी सही शिकवा. उंबराखालच्या मुरमावर काटकीने मी 'बारकू' लिहून दिलं. आठवडाभर ते रोज तिथे उतरून ती तीन अक्षरं गिरवत होते, पायाने पुसत होते, पुन्हा गिरवत होते. सही आली. इतर अक्षरं शिकवायचं मात्र राहून गेलं... म्हणजे मीच राहू दिलं. पाड्यावरच्या चाळीस पोरांना शिकवून मी दमलेला असायचो, हे माझं कारण. ते चांगलं कारण नाही.

दोन हजार सालानंतर केव्हातरी मी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीला एक लेख पाठवला. गाड्या नसलेल्या मुरमाच्या रस्त्यावरून तळ्याभोवतीची सायकलफेरी आणि वाटेतल्या जुन्या खुणा. तो छापून आला. फोटोसह. शहापुरात लोक थांबवून बोलायला लागले आणि मी दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. सोमवारी अंक घेऊन मी उंबराखाली गेलो. बारकूदादांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ते हात धुऊन बसले होते. म्हणाले, "वाचा."

मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं. 'या वाटेचा शोध मला लागला.' 'मी ठरवलं की पाणी नेहमी उजव्या हाताला ठेवायचं.' 'वीरगळांशी माझी ओळख झाली.' सगळीकडे मी, मी, मी. पहिल्या कच्च्या लेखात बारकूदादा होते. लेख लांबला म्हणून कापायला बसलो तेव्हा मीच त्यांना काढलं होतं. ते काढल्यावर लेख आटोपशीर झाला होता, आणि खरं म्हणजे मी मोठा दिसत होतो. एका रस्त्यावरच्या मजुराने दाखवलं असं लिहिण्यापेक्षा मी शोधलं हे बरं वाटत होतं. संपादकांनी एक शब्द कापलेला नाही. हे सगळं माझं होतं. आणि समोर तो माणूस मान किंचित कलती करून ऐकत होता, कुठे आपलं येतं म्हणून. ते येणार नाही हे मला दिसत होतं. मग मी काय करावं? मी वाचता वाचताच घातलं. "ही वाट मला माझे स्नेही बारकूदादा यांनी दाखवली. त्यांच्या हाताने हा रस्ता राखलेला आहे." आवाजसुद्धा अडखळला नाही.

त्यांचा चेहरा असा फुलला... ते म्हणाले, "परत वाचा ना तेवढं." मी परत वाचलं. पण ते छापलेलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या वेळेस शब्द थोडे वेगळे आले. 'राखलेला' ऐवजी 'बांधलेला' असं काहीसं.  त्यांनी अंक मागून घेतला, घडी घातली आणि सदऱ्याच्या आत ठेवला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कल्याणकडून रविवारी पाच-सहा जणांचा सायकलवाल्यांचा घोळका आला. त्यांच्याकडे माझ्या लेखाची झेरॉक्स होती. मी योगायोगाने उंबराखालीच होतो. बारकूदादांनी फावडं टेकवलं आणि पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली, "हे पेपरात आलंय बरं का. माझं पन नाव हाय त्यात." त्यांच्यातल्या एका मुलीने कौतुकाने कागद उघडला. वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून पाहिला. मग फार सांभाळून म्हणाली, "काका, यात नाव दिसत नाही हो."  बारकूदादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. ते फक्त वाट पाहत होते, मी काही सांगतो का म्हणून. मी सायकलच्या चेनकडे बघत राहिलो. मग तेच हसले आणि त्या मुलीला म्हणाले, "मंग दुसऱ्या पेपरात असंल. चला, तुमाला टाकं दाखवतो." आणि पाणी उजव्या हाताला ठेवून त्यांना घेऊन गेले.

त्यांनी त्यावर मला कधी काही विचारलं नाही. ते विचारतील या भीतीने मीच त्यांच्यापासून लांब गेलो. त्या उन्हाळ्यात शहापूरला बदली मागून घेतली. मुलांच्या शिक्षणासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. एकदा ते तहसीलच्या कामाला आले होते, बाजारात दिसले, हातात पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. बहुतेक करवंदं असावीत. मला ती फार आवडतात, हे त्यांना ठाऊक होतं. मी कापडाच्या दुकानात शिरलो आणि नको असलेला टॉवेल बघत बसलो, ते पुढे जाईपर्यंत. असं मी एका माणसाला टाळलं, ज्याने धड सायकल हातात धरून सात किलोमीटर माझी सोबत केली होती.

बाराव्याला मी गेलो. साखळीपाशी सायकल भाड्याने मिळते आता, ती घेतली. त्यांचं घर पाणी डाव्या हाताला ठेवून गेलं तर जवळ पडतं, अर्ध्या तासाचं. मी पाणी उजव्या हाताला ठेवून गेलो, लांबून. रस्त्याला चाकोऱ्या पडायला लागल्या आहेत. उंबराखाली उतरलो, हाताने थोडा मुरूम ओढला, पायाने दाबला. ते काम मला जमलं नाही, मुरूम पुढच्या चाकाखाली लगेच सुटून गेला.

बारकूदादांची बायको, सोनीवहिनी, पडवीत बसली होती. लोक जेवून गेले होते. भिंतीला सायकल टेकवलेली, घमेलं अजून तसंच बांधलेलं. मला बघून ती उठली, पाणी दिलं, आणि आतून एक दुधाची धुतलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत माझ्या लेखाचं कात्रण होतं, घड्यांवर फाटत आलेलं, आणि एक चष्मा.

"तुमी पेपर वाचून दाखवला ना त्यांला, त्या दिवशी घरी आले त्ये अंगणातच बसले उजेडाला," वहिनी सांगायला लागली. "येकेक वळीवर बोट ठेवून गेले. तेवढंच नाव वाचता यायचं ना त्यांला, तुमीच शिकवलेलं. नाय सापडलं. दुसऱ्या दिशी परत बसले. मी म्हनलं, नसंल. तर माझ्यावर खेकसले. गुरुजींनी दोनदा वाचलंय, म्हंजे हाय, माझ्याच डोळ्याला दिसत नाय. मंग शहापूरला डोळ्याच्या शिबिराला जाऊन ह्यो चष्मा आनला."

कात्रणावर ओळींखाली मळकट रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक ओळीखाली. मुरूम हाताळणाऱ्या बोटाची.

"मंग येक दिस चष्मा पिशवीत ठेवला, तो परत काय घातला नाय. का, ते बोलले नाय कधी." तिने कात्रण माझ्यासमोर जमिनीवर पसरलं. "मला तर काळं अक्षर म्हशीवानी. तुमी दाखवा ना गुरुजी, कुठं हाय त्यांचं नाव?"

आतासुद्धा, हे लिहायला लाज वाटते पण लिहितो, आतासुद्धा मी क्षणभर बोट उचललं होतं. कुठल्याही शब्दावर ठेवलं असतं तर चाललं असतं. वहिनी ते जपून ठेवून घेणार होती. मग ते बोट मी मागे घेतलं. म्हणालो, "वहिनी, यात नाही. छापलंच नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. त्यांना वाचून दाखवताना तोंडाने घातलं."

 मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल, आणि मला ते हवंसं वाटत होतं. तिने चष्मा उचलला, पदराने काचा पुसल्या, काड्या मिटल्या.

"मंग उगाच आनला ह्यो," ती म्हणाली, आणि कात्रणासोबत तो परत पिशवीत ठेवला.