आतोबांचा थांबा

आमचे आतोबा भुकेने कासावीस झाले तरी पहिल्या दिसलेल्या ठिकाणी कधी जेवले नाहीत. पहिलं ठिकाण नुसतं बघायचं असतं, असं त्यांचं मत. खरं जेवण नेहमी पुढे कुठेतरी असे; वळणापलीकडे, नाहीतर ओढ्याच्या वरच्या अंगाला. "ते कौलारू दिसतंय ना, तिथे बघू," असं म्हणून ते चालू लागत. मागे आम्ही. पोटात कावळे ओरडताहेत, पायाखाली तापलेला कातळ, आणि पुढे हा माणूस देवळात निघाल्यासारखा प्रसन्न.

आतोबा म्हणजे माझ्या आतेचे यजमान. रत्नागिरीत वकिली करत. माझी आई मी लहान असतानाच गेली, वडील मुंबईला नोकरीत, म्हणून मी आतेकडेच वाढले. तिला मूलबाळ नव्हतं. घरात आतोबांची जेवणाबद्दल कधी तक्रार ऐकली नाही. आमटीत मीठ विसरलं तरी मुकाट जेवून कोर्टात जात. हे सगळं खूळ अंगात यायचं ते घाट चढताना. मे महिन्यात कोर्टाला सुटी लागली की आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीने आंबा घाट चढून पन्हाळ्याला हवा खायला जात असू. मोटार हातखंब्याच्या पुढे गेली, की घरी गायीसारखा असलेला हा माणूस एकदम वाघ होई.

आते सोवळ्याची. बाहेरचं अन्न तिला चालत नसे. ती पहाटे उठून दुधात भिजवलेल्या दशम्या करी, लसणीशिवायची चटणी करी, डबा फडक्यात बांधी. आतोबा त्या डब्याकडे बघतही नसत. "घरचंच खायचं तर घरी बसावं," ते म्हणत. "डोंगरावर जायचं आणि तिथे बसून रत्नागिरीच गिळायची, हे कुणी सांगितलंय?" मग आते रस्त्याकडेच्या झाडाखाली पाठ फिरवून एकटी दशमी खाई, आणि आतोबा जेवण शोधायला जात. मधल्यामध्ये मी. आतेच्या डब्याला हात लावला की आतोबा ओरडत, "पोरीची भूक मारू नकोस गो! पुढे चांगलं मिळणार आहे." आणि पुढचं चांगलं काही लवकर मिळत नसे.

मिळालं तरी परीक्षा असे. खाणावळीत शिरले की ते आधी पाणी मागत, वास घेत आणि मग मालकाला विचारत, "तुम्ही स्वतः आज काय जेवलात?" बिचारा मालक गोंधळे. साखरप्याला एकदा आम्ही पानावर बसलो होतो. माझ्या पानात भात पडला होता, त्यावर वरण आणि वरणावर तुपाची धार. मी पहिला घास उचलणार एवढ्यात आतोबांनी तो प्रश्न टाकला. मालक म्हणाला, "मी नाही हो जेवलो. माझं पोट जरा बरं नाही."

"उठ," आतोबा मला म्हणाले.

"पण भात..."

"ज्याचं त्यालाच पचत नाही, ते आपल्याला काय पचणार? उठ!"

मी उठले. त्या तुपाच्या धारेचा वास अजून माझ्या नाकात आहे. त्या दिवशी आम्ही जेवलो ते तिसऱ्या प्रहरी, घाटमाथ्यावर एका धनगराच्या वाड्यात. ताक, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आतोबा मिटक्या मारत म्हणाले, "बघितलंस? साखरप्याला जेवली असतीस तर हे मिळालं असतं?" मी नुसती भाकरी मोडत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ठेच्याचं होतं की संतापाचं, मलाच कळेना.

मोटार हाकणारे गनीभाई आमच्या ओळखीचे झाले होते. मिरकरवाड्याकडे राहत. तरुणपणी आगबोटीवर कामाला होते, पुढे मोटारीवर आले. घाटात इंजिन तापलं की ते ओढ्याचं पाणी आणून ओतत, आणि तेवढ्या वेळात आतोबा पसार होत. गनीभाई कपाळाला हात लावत. "वकीलसाहेब, गाडीत दुसरी पण माणसं आहेत. तुमच्या एकट्याच्या पोटासाठी गाडी नाही हो." आतोबांवर काही परिणाम होत नसे. उलट ते परत येऊन गाडीतल्या सगळ्यांना सांगत, की तिकडे काजूच्या झाडाखाली एक बाई घावन घालते आहे, फार सुरेख, जाऊन या. आणि चार माणसं खरोखरच उतरून जात. मग गनीभाई आणखी संतापत.

कॉफीचं तर विचारूच नका. चहा जागोजागी मिळे, पण आतोबांना चहा चालत नसे. "उकळून मारलेला पाला," म्हणत. कॉफी हवी, जायफळ घातलेली, दुधाची, कपात नव्हे तर पेल्यात. आता घाटात कॉफी कोण करणार? पण एका वर्षी कुणा वाटसरूने त्यांच्या कानात भरवलं, की आंबा गावाच्या अलीकडे आडवाटेला एक पेन्शनर हवालदार राहतो, त्याची नोकरी म्हैसुराकडे झालेली आहे आणि त्याची बायको कॉफी करते. झालं. गनीभाई पाणी ओतताहेत तोवर जाऊन येऊ, म्हणाले. जवळच आहे, म्हणाले. आम्ही करवंदीच्या जाळ्यांतून चालतोय, चालतोय. आतेचा पदर काट्यांत अडकतोय, ती रामनाम घेतेय, आणि पुढून आरोळी येतेय, "आलंच!" अखेर घर सापडलं. हवालदारीणबाईंनी आदराने बसवलं. कॉफी होती, जायफळही होतं. दूध नव्हतं. म्हैस चरायला गेली होती.

"येईल आता," हवालदार म्हणाले.

"थांबू की," आतोबा म्हणाले.

आम्ही म्हशीची वाट बघत बसलो. म्हैस आली, तिला पाणी दाखवलं, धार काढली, दूध तापलं, कॉफी झाली. आतेने अर्थात घेतली नाही. ती ओसरीच्या टोकाला तोंड फिरवून बसली होती. खरं सांगायचं तर कॉफी उत्तम होती, आणि मला त्याचाच जास्त राग आला. रस्त्यावर परत येऊन बघतो तो मोटार गेलेली. आमच्या वळकट्या, ट्रंका, आतेचा सोवळ्याचा डबा, सगळं घेऊन गेलेली. आम्ही बैलगाडीतून हाडं खिळखिळी करून घेत मलकापुरापर्यंत गेलो. आते पन्हाळा येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. तिथे पोचल्यावर एवढंच म्हणाली, "ह्यांच्या जिभेला देवाने पाय दिलेत. त्यामागून आम्ही फिरायचं."

गावात लोक बोलत. वकील घाटात कुणाच्याही घरी जेवतात, हे रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे गावात सहभोजनं होऊ लागली, तेव्हा पुढारी मंडळी मोठ्या आशेने त्यांना बोलवायला आली. आतोबा एकदा गेले, पुन्हा गेले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "विचार चांगला आहे, पण आमटी पाणचट असते." अशाने ते दोन्हीकडून गेले. सनातनी त्यांना बाटगे म्हणत आणि सुधारक त्यांना थट्टेखोर. त्यांना दोन्हीचं काही वाटत नसे. वाटे ते आतेला. हळदीकुंकवाला गेली की बायका तिला जरा लांबच बसवत. घरी आली, की दुसऱ्या दिवशी ती सोवळं आणखी कडक पाळी.

मी शिकले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले, तरी मे महिन्याची ही वरात चुकली नाही. मग एका पावसाळ्यात आतेला जेवण जाईनासं झालं. आधी भात टाकला, मग भाकरी. नवरात्रापर्यंत ती शहाळ्याच्या पाण्यावर आली. गावातल्या डॉक्टरांनी औषधं दिली, हात टेकले आणि कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. गनीभाईंनी तोवर स्वतःची मोटार घेतली होती. ते आपणहून आले. "आतेबाईंना मी नेतो," म्हणाले.

मागच्या सीटवर आते माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आतोबा पुढे गनीभाईंशेजारी, पण सारा वेळ मागे वळून बसलेले. पाली गेली, साखरपा गेला. त्यांनी एकदाही मोटार थांबवायला सांगितली नाही. निदान आज तरी या माणसाला शहाणपण सुचलंय, असं माझ्या मनात आलं. भातकापणीचे दिवस होते. घाटाच्या पायथ्याशी रस्त्यालगत एक गवती छपराचं घर लागलं, ते मागे पडलं, आणि आतोबा म्हणाले, "गनीभाई, थांबा."

मला राहवलं नाही. "आतोबा, आज नको! तिची अवस्था बघताय ना? आज तुमचं ते नाटक नको!"

"तिने मान वळवली," ते म्हणाले.

"काय?"

"त्या घरात पेज शिजत्येय. वास आला आणि तिने मान वळवली. मी बघितलं." एवढं बोलून ते उतरले आणि मागे चालू लागले.

मी गनीभाईंना हॉर्न वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवला नाही. ऊन चढत होतं, आतेचा श्वास जड होत होता. शेवटी तिला गनीभाईंवर सोपवून मीच रागारागाने त्या घराकडे गेले. दारात एक कुणबीण उभी होती, कडेवर मूल. आतोबा अंगणात हात जोडून उभे. रत्नागिरीच्या कोर्टातही ते असे उभे राहिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

ती म्हणत होती, "पेज हाय, उकड्या तांदळाची. पन तुमी बामन. आमच्या घरची चालंल काय तुमाला?"

"मला चालते. तिला चालेल का, ते तिला विचारतो," आतोबा म्हणाले. "पण जरा मऊ हवी. आणखी थोडी शिजवाल?"

आणखी शिजवाल! मी कपाळावर हात मारून घेतला. ती बाई मात्र आत गेली, चुलीत दोन लाकडं सारली, रवीने पेज घोटली, आणि काशाच्या वाडग्यात ओतून वर लोणच्याचा खार घालून घेऊन आली. "भांडा ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "येताना द्या."

मोटारीपाशी आलो. आतोबांनी चमचा आतेच्या ओठांशी नेला. तिने डोळे उघडले. "कुणी केली?"

मी आतोबांकडे डोळे मोठे करून बघितलं. माझ्या हातची आहे म्हणा, एवढंच म्हणा. रोज कोर्टात बोलता की!

"त्या घरातल्या बाईंनी," ते म्हणाले. "कुणबी आहेत. भांडंही त्यांचंच."

आतेने डोळे मिटून घेतले. झालं, मला वाटलं, एवढा वेळ घालवला तो फुकट. आतोबा चमचा तसाच धरून रस्त्यात उभे होते. हात मागे घेत नव्हते. मग आतेने डोळे न उघडताच तोंड उघडलं. एक चमचा. मग दुसरा. अर्धा वाडगा संपला तेव्हा ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे." बऱ्याच आठवड्यांत तिच्या पोटात राहिलेलं ते पहिलं अन्न.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हांला बाहेर बोलावलं. शस्त्रक्रियेची वेळ केव्हाच टळून गेली होती. वाटेत मोडलेल्या वेळाबद्दल मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, त्याने काही बिघडलं नाही. आते आणखी थोडे दिवस होती. शुद्धीवर असताना एकदा मला म्हणाली, "त्या बाईचं भांडं रिकामं देऊ नका हो. ह्यांना आठवण कर."

दिवसकार्य पंचगंगेवर उरकलं. निघायच्या सकाळी आतोबांनी मोटार बाजारात घ्यायला लावली. वाडग्यात घालायला गूळ हवा होता. नवा गूळ नुकता आला होता, सगळीकडे सारखाच दिसत होता. पण हे दुकानामागून दुकान हिंडताहेत, खडा फोडून जिभेवर ठेवताहेत, मान हलवताहेत आणि पुढे जाताहेत. मुंडण केलेलं डोकं, उतरलेला चेहरा, आणि गूळ चाखणं चालूच. मला त्या माणसाला काय म्हणावं ते कळेना. रडावं तर संताप येई, संतापावं तर रडू येई. अखेर एकाचा गूळ पसंत पडला. वाडगा शिगोशीग भरून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि घाट उतरेपर्यंत खाली ठेवला नाही.

ती बाई अंगणात भात वाळवत होती. मोटार बघून धावत आली, आत डोकावली, मागच्या सीटवर मी एकटीच.

"बाय बऱ्या हायत?"

आतोबांनी वाडगा पुढे केला. तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाडगा दोन्ही हातांनी घेतला. "बसा," एवढंच म्हणाली. आत जाऊन तिने तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच गुळाचा एकेक खडा आमच्या हातावर ठेवला. गनीभाईंनाही दिला. आतोबा अंगणाच्या कडेच्या दगडावर बसले. गूळ खाल्ला, पाणी प्याले, आणि बसूनच राहिले.

उन्हं कलली. पुढे सगळा रस्ता पडला होता. गनीभाई उगाचच गाडीची काच पुसत होते. शेवटी मीच जवळ जाऊन म्हटलं, "आतोबा, निघायला हवं."

"निघू," ते म्हणाले. "जरा बसू दे. तिला इथलं आवडलं होतं."