भाडेकरणीचा टोस्टर
आज एक तारीख. वरची एक खोली नव्या भाडेकरूसाठी झाडायला घेतली आणि ओट्याखाली जुना टोस्टर सापडला. हलवला तर जळक्या पावाचा चुरा पडला, आणि त्या वासासरशी नवरा गेला त्या दिवसाची संध्याकाळ आठवली. मारुंजीत आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, जेवण भावकीतून येतं. त्या दिवशी पिठलं-भाताचा डबा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. सासूबाईंना शुगर, सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि त्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हा वर राहणारी, कॉम्प्युटर कंपनीतली मुलगी हा टोस्टर घेऊन खाली आली. नणंद दारातच आडवी आली. "ह्यो काय आणलाय?" "टोस्टर, काकू. ऑफिसात आम्ही तापणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरलाही टोस्टरच म्हणतो." "तापतंय ना? मग चूलच ती. हितं न्हाई लावायची." भिंतीला टेकलेल्या सासूबाई नणंदेला म्हणाल्या, "तिला वर जाऊन भाजू दे की. भाडेकरू हाय ती, तिची चूल येगळी. का मला बी त्याच्यामागं धाडतीस?" नणंद बाजूला झाली. थोड्या वेळाने ताटलीभर टोस्ट आले. सासूबाईंनी ते कोरडेच खाल्ले आणि त्यांची थरथर थांबली. मीही खाल्ले. चव लागली नाही, रडूही आलं नाही. त्या संध्याकाळी मला काय वाटत होतं, ते आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची मोटर मी लावली. ते काम ह्यांचं असायचं, पण वरच्या सगळ्या भाडेकरूंना ऑफिसला जायचं होतं.