लाल दोऱ्यातला शब्द

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे टाकेवाली म्हणत. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची आणि कोपऱ्यावर लाल दोऱ्याने इंग्रजीत वॉर्डाचं नाव भरायचं, हे काम ती बावीस वर्षं करत होती. समोरच्या चिठ्ठीवरची अक्षरं ती हुबेहूब उतरवायची. अर्थ कुणी सांगितला नाही आणि तिनेही कधी विचारला नाही. विचारायचं म्हणजे कुणापुढे तरी मान खाली घालायची, आणि हिची मान शिवणापुरतीच वाकायची.

मुकादम एरवी वसकन अंगावर येणारा. त्या दिवशी तो गोड बोलत आला, तेव्हाच तिला संशय आला.

"शिवण विभाग बंद होतोय," तो तिघी बायकांपुढे कागद ठेवत म्हणाला. "उद्या मोठे साहेब येतील. एकेकीला विचारतील, व्हॉलंटरी? येस सर म्हणायचं, सही ठोकायची, मोकळं व्हायचं."

"व्हॉलंटरी म्हणजे काय हो?"

"म्हणजे नियमाप्रमाणे."

"मग कागद घरी नेते. वाचून घेते."

"कागद इथून हलायचा नाही. बावीस वर्षांत अक्कल आली नाही, ती एका दिवसात येणार आहे का?"

बाकीच्या दोघी फिदीफिदी हसल्या. ते हसणं तिला मुकादमापेक्षा जास्त झोंबलं. तिने एक चिंधी ओढली आणि त्याच्या डोळ्यांदेखत कागदावरचा, त्याने बोट ठेवून वाचलेला तो लांबलचक शब्द लाल दोऱ्याने भरायला घेतला. कागद हलवायचा नव्हता, तो तिने हलवलाच नाही. मुकादम दातओठ खात बघत राहिला.

खरी पंचाईत पुढेच होती. घरात इंग्रजी येणारी एकटी सून, आणि सुनेशी सहा वर्षं धड बोलणं नव्हतं. सून शाळेत इंग्रजी शिकवायची. नात झाली तेव्हा टाकेवालीने धोशा लावला, "मी माझं काम सोडणार नाही, पोर सांभाळायला तूच घरी बस." मुलगा पेपरात तोंड खुपसून बसला. महिनाभर रोज कटकट झाल्यावर सुनेने राजीनामा दिला. आल्यागेल्याला मात्र टाकेवाली सांगायची, "तिने आपल्या मर्जीने सोडली हो. आम्ही कशाला अडवतोय!" सून ते ऐकायची आणि भांडी आपटायची.

संध्याकाळी तिने चिंधी ओट्यावर टाकली.

"काय हे? आता माझी आठवण झाली?" सून म्हणाली.

"अर्थ सांग. टोमणे मागाहून मार."

सुनेने चिंधी उजेडात धरली. "व्हॉलंटरी. आपल्या मर्जीने. कुणी भाग पाडलेलं नसताना."

टाकेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्याने नियमाप्रमाणे म्हणून सांगितलं! माझ्याच तोंडून माझी नोकरी घालवायला निघालाय!"

"नुसता अर्थ पाठ करून शब्द येत नाही, वाक्यात वापरावा लागतो. वर्गात मी हेच सांगायचे." सुनेने पदराला हात पुसले. "घ्या, उदाहरण देते. मी शाळेची नोकरी सोडली. ते व्हॉलंटरी नव्हतं."

टाकेवालीला असा राग आला की चिंधी तिच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पण उलटून बोलायला वाक्यात काही खोटं सापडेना. ती चिंधी उचलून आत गेली आणि जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यात बाकीच्या दोघींनी येस सर म्हणून सह्या केल्या. मग साहेबांनी हिला विचारलं, "व्हॉलंटरी?"

"नो सर. नॉट व्हॉलंटरी. मुकादम भाग पाडतायत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं. सही नाही म्हटल्यावर तिला काढता येईना. त्याने तिला दुपारीच धुलाईच्या हौदावर धाडलं. सोड्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ती संध्याकाळपर्यंत त्याच्या नावाने बोटं मोडत होती. पण नोकरी शाबूत होती.

घरी आली तर नणंद येऊन बसलेली. नणंदेला नको त्या जागी बोट ठेवायची जुनी खोड. "काय गं वहिनी, सून एवढी शिकलेली, अजून घरीच? नोकरी सोडली तरी कशाला तिने?"

सहा वर्षांच्या सवयीचं उत्तर टाकेवालीच्या ओठांवर आलं. स्वयंपाकघरात भांडी थांबली. टाकेवालीने आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"तिने नाही सोडली," ती खेकसलीच. "ते व्हॉलंटरी नव्हतं. मी सोडायला लावली."

आतून सुनेचा आवाज आला, कोरडा, वह्या तपासणाऱ्या बाईचा.

"वाक्य बरोबर आहे. सहा वर्षं उशिरा आलं."